सगुणा एकटी निघाली असती

सगुणाचा फोन आला की मी उठून गॅलरीत जाते. घरच्यांना वाटतं, आत रेंज मिळत नसेल. रेंज असते. तिच्याशी बोलताना माझा चेहरा कुणी पाहू नये, एवढंच असतं. का — हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

माझे वडील पौडजवळच्या रिहे गावच्या शाळेत मास्तर होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण माझं लहानपण सगळं रिह्यात गेलं. सगुणा खाली गावात राहत नव्हती. वर, डोंगराच्या पोटाशी धनगरांची चार घरं होती, तिथून ती उतरून शाळेत यायची. तिचे आईबाप ती लहान असतानाच गेले. थोरला भाऊ म्हाळू आणि शेजारची ठकूमावशी, या दोघांनी तिला वाढवलं. म्हाळूला मीही दादाच म्हणायची. ठकूमावशी विधवा होती, मूलबाळ नव्हतं, शेरडं राखायची आणि सगुणाच्या केसांना तेल लावताना तिला शिव्या द्यायची. त्या शिव्यांत इतकी माया असायची, की मला माझ्या घरच्या शुद्ध बोलण्याचा कंटाळा यायचा.

सुट्टीच्या दिवशी मी वर जायची. शेरडं पठारावर सोडून आम्ही दोघी कातळावर पालथ्या पडायचो. तिथून दक्षिणेकडं डोंगरांच्या रांगा दिसतात — एकीमागं एक, लांब जातील तशा फिकट होत गेलेल्या. एकदा सगुणानं विचारलं, "ह्यो डोंगुर संपतो कुटं गं?" मी मास्तरांची मुलगी. भूगोलात शिकले होते ते सांगितलं, पार खाली केरळपर्यंत जातो म्हणून. ती म्हणाली, "मंग जाऊ की आपुन." पौडच्या बाजाराला जाऊ म्हणावं, तशी.

तुम्हालाही असं काहीतरी असेल ना? लहानपणी कुणाबरोबर तरी ठरवलेलं? बहुतेकांचं ते आपोआप विरून जातं. आमचंही विरलं असतं तर बरं झालं असतं.

दहावीनंतर मी कॉलेजसाठी पुण्याला गेले आणि सगुणाचं लग्न झालं. डोंगरापलीकडं, वेल्ह्याच्या अंगाला दिलं होतं तिला. तीन-चार वर्षांत ती माघारी आली. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली होती. आली ती चालत. कुणाला न सांगता पहाटे निघाली, वाटेत एका देवळात राहिली, आणि दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना दादाच्या दारात उभी राहिली.

मी भेटायला गेले तेव्हा तयारी करून गेले होते — काय बोलायचं, कसं समजवायचं. ती चुलीपुढं बसली होती. मला बघून हसली, आणि दादा बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "मी रडायला पायजे व्हते, नंदे. वाटंनं तसं ठरवून बी बगितलं. पर रडूच येईना. लई मजा वाटत व्हती चालताना." आणि मग, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून — "आपुन जाऊया का? म्हंजी खरंच?"

मी हो म्हणाले.

लगेच काही जमलं नाही. माझं शिक्षण, मग नोकरी. हिंजवडीच्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायचं काम मिळालं. जवळच सूस गावात नव्या झालेल्या इमारतीत लातूरच्या दोन मुलींबरोबर खोली घेतली. तोवर वडील निवृत्त होऊन आईबरोबर पौडला राहायला गेले होते. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात सगुणानं पुन्हा विषय काढला, आणि या वेळी मी महिना ठरवला. दिवाळी झाली की निघायचं. रिह्याच्या डोंगरावरूनच चालायला लागायचं, वाटेतल्या धरणाला वळसा घालून ताम्हिणीकडं, आणि तिथून घाटमाथ्यानं दक्षिणेला. महाबळेश्वरपर्यंत नक्की. पाय म्हणतील तर कोयनेपर्यंत. वेल्ह्याच्या पुढं काय आहे ते दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याचाच आनंद होता.

ते महिने — ते मला अजून सोडत नाहीत.

मी पुण्यात जाऊन पाठीवरची मोठी सॅक आणली, निळ्या पट्ट्यांची. सगुणानं ती उलटीपालटी करून पाहिली, शिलाया मोजल्यासारखी बोटं फिरवली, आणि आठवड्याभरात ट्रकच्या जुन्या ताडपत्रीची स्वतःची शिवली. खांद्याला टोचू नये म्हणून पट्ट्यांत घोंगडीचे तुकडे घातले. पौडच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट घेतले. आयुष्यात पहिल्यांदा बूट. पहिल्याच रविवारी दोन्ही टाचांना फोड आले, तर तिनं बूट लेसनं बांधून गळ्यात अडकवले आणि अनवाणी चालायला लागली. मी म्हटलं, असे गळ्यात घालून महाबळेश्वरला जाणार का? म्हणाली, "जाईन. त्येंना बी दाखवून आणते."

दर रविवारी मी पहिल्या गाडीनं यायची. तिच्या सॅकमध्ये ओढ्यातले गोटे, माझ्यात पिठाच्या पिशव्या. आधी पठारावर, मग पलीकडच्या खिंडीपर्यंत, मग त्याही पुढं. ओल्या लाकडांवर चहा करायला शिकलो. धुरानं डोळे लाल व्हायचे आणि चहाला धुराचाच वास. नाचणीच्या भाकरी वाळवून किती दिवस टिकतात ते पाहिलं. एका डब्याला बुरशी आली, दुसऱ्याला नाही; का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाळी आली तर काय करायचं, साप दिसला तर काय, पुरुष दिसला तर काय. सगुणा म्हणायची, सापाचं सोपं हाय. तिनं कंबरेला खोचायला एक कोयती धार लावून ठेवली होती.

आणि कुणी हटकलं तर? दोन बाया, पाठीवर ओझी, डोंगरात कशाला फिरतायत? आम्ही ठरवलं, नवस आहे म्हणून सांगायचं. देवीचा नवस, पायी चाललोय.

"आन काय मागितलंय म्हनून इचारलं तर?"

"सांगायचं नाही. सांगितलं तर फळत नाही."

ती इतकी हसली, की ओझ्यासकट मागच्या मागं बसली.

राहिला प्रश्न घरचा. माझ्या घरी मी ऑफिसच्या मुलींबरोबर सहलीला जाते म्हणून सांगणार होते. सगुणाचं अवघड होतं. माघारी आलेली बहीण. म्हाळूदादा तिला कधी टाकून बोलला नाही, पण डोळ्यांत तेल घालून असायचा. तेव्हा असं ठरलं, की सगुणा सूसला माझ्याकडं राहायला येणार, शिवणाचा क्लास करणार, महिनाभराचा. तो क्लास मीच रचला. दादाला जाऊन सांगितलंही मीच. तो म्हणाला, "तुज्याकडं ऱ्हानार आसंल तर मला काय घोर न्हाई." सगुणा माझ्या मागं उभी होती. तिनं माझ्या पाठीला चिमटा काढला.

किती सरळ चाललं होतं सगळं, नाही?

त्याच सुमारास मला एक स्थळ आलं. सांगलीकडचा मुलगा, हिंजवडीतच नोकरी, घरचे शिकलेले, शांत. मला तो आवडला — हे लपवत नाही. बोलणी दिवाळीनंतर पुढं सरकणार होती. आणि मला रात्रंदिवस एकच दिसायला लागलं. त्या घरात कुणीतरी विचारतंय, मुलगी महिनाभर डोंगरात होती म्हणे? कुणाबरोबर? नवऱ्यानं टाकलेल्या एका बाईबरोबर?

बघा, मी 'टाकलेली' हा शब्द वापरला. मनातल्या मनात, पण वापरला. सगुणासाठी.

तर मला भीती वाटायला लागली. हे एवढंच मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले, भ्याले म्हणून. भिणं माणसाला शोभत नाही, पण समजून घेता येतं. मीही स्वतःला समजून घेतलं. फक्त ते पुरं खरं नव्हतं.

पुरं खरं सांगायचं तर एका रविवारचं सांगायला हवं. दिवाळीला थोडे दिवस राहिले होते. आम्ही पलीकडच्या धारेवरून जात होतो. एका बाजूला दरी, वाट पायापुरती, गवत अजून ओलं. मला पुढं पाऊल टाकवेना आणि मी उभी राहिले. सगुणा पुढं होती. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. तिच्या पाठीकडं बघत राहिले. ती चालत होती. घाईनं नाही, सावकाश नाही. एक हात सॅकच्या पट्ट्यात, दुसरा मोकळा, गवताच्या शेंड्यांवरून फिरत होता. तिला मी मागं राहिल्याचं कळलंही नव्हतं. पुष्कळ पुढं गेल्यावर ती थांबली, वळली, आणि मला बघून क्षणभर तिच्या चेहऱ्यावर — कसं सांगू — आठवल्यासारखं आलं. अरे, ही पण आहे की.

ती धावत परत आली, माझा हात धरून मला पलीकडं नेलं, वरून "मास्तरीण घसरली" म्हणून चिडवलंही. पण मी ते पाहिलं होतं.

त्या दिवशी उतरताना मी तिला म्हटलं, रजेचं काही खरं दिसत नाही. हे खोटं होतं. साहेबांनी रजा केव्हाच दिली होती. मजा करा म्हणाले होते. मला वाटलं, ती म्हणेल, मग राहू दे, पुढच्या वर्षी जाऊ. तिनं तसं म्हणावं, रडावं, रुसावं, थोडी माझी मनधरणी करावी — मला तेवढं हवं होतं. मग मी मोठ्या मनानं हळहळले असते, आणि आम्ही दोघींनी मिळून ते कायमचं पुढं ढकललं असतं.

सगुणानं खांद्यावरचा पट्टा सारखा केला. मग म्हणाली, "न्हाईच मिळाली रजा, तर तू वाईट वाटून घिऊ नगं. मी जाऊन येते. आल्याव तुला सगळं सांगंन. एक बी डोंगुर गाळणार न्हाई."

एकटी?

"मंग काय झालं? तवा बी एकटीच आले व्हते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. ती मनापासून माझं सांत्वन करत होती.

आता सांगते.

दिवाळीच्या आधी मी घरी गेले होते. पौडच्या स्टँडवर उतरले तर म्हाळूदादा समोर. तहसील कचेरीत कसल्या तरी दाखल्यासाठी आला होता, काम झालं नव्हतं, गाडीची वाट बघत बसला होता. मला बघून उठला. टपरीवर चहा घे म्हणाला. मी घेतला. त्यानं विचारलं, "सगुनी कवा येनार तुज्याकडं? पाडव्यानंतर ना?"

मला तिथं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तेवढंच काम होतं माझं. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "दादा, क्लास वगैरे काही नाही."

त्यानं आपला कपही खाली ठेवला.

मी सांगत गेले. सगुणा महिनाभर डोंगरात जायचं म्हणते. एकटी. सामान बांधून तयार आहे, गवताच्या माचावर मागच्या बाजूला बघा. मी खूप समजावलं, ऐकत नाही. क्लासचं तुम्हाला सांगायला तिनंच मला गळ घातली, मी मैत्रीण म्हणून बोलले, पण आता मला राहवत नाही. काही बरंवाईट झालं तर? बाईमाणूस आहे, दादा.

नीट वाचा पुन्हा हवं तर. मी 'एकटी' म्हणाले. त्या सगळ्या सहा महिन्यांतून मी स्वतःला अलगद उचलून बाहेर ठेवलं. माझी निळ्या पट्ट्यांची सॅक सूसच्या खोलीत पलंगाखाली भरलेली होती, आणि मी त्याला सांगत होते की मी तिला नको म्हणतेय.

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं नाही. त्यानं हात जोडले — मला, त्याच्याहून कितीतरी लहान असलेल्या मला. म्हणाला, "लई उपकार झालं, पोरी. माज्या बहिनीला वाचिवलंस."

मी म्हणाले, "माझं नाव तेवढं सांगू नका."

"न्हाई सांगनार. मरस्तोवर न्हाई."

मग गाडी आली.

भीतीमुळं केलं का? भीती असती तर मी जायचं नाही म्हटलं असतं, आणि तिला जाऊ दिलं असतं. तिनं माझ्याशिवाय जाऊ नये म्हणून मी ते केलं. ती गेली असती, तिनं ते सगळे डोंगर बघितले असते, आणि परत येऊन मला सांगितलं असतं, अगदी मोठ्या मनानं, एकही न गाळता. मला ते ऐकायचं नव्हतं. तिला ज्या गोष्टीसाठी माझी गरज नव्हती, ती गोष्टच असू नये असं मला वाटलं.

पुढं काय झालं ते मला सगुणाकडूनच कळलं. दादा घरी गेला, माचावरची सॅक काढली, आणि सरळ चुलीत घातली. ताडपत्री जळताना घरभर काळा धूर झाला. त्यानं तिला मारलं नाही. फक्त विचारलं, खरं आहे का? ती खरं आहे म्हणाली. कोण होतं बरोबर? ती म्हणाली, कुणी नाही. एकटीच जाणार होते.

"तुजं नाव कशापायी घिऊ?" ती मला म्हणाली. "तुजं लगीन ठरतंय."

म्हणजे बघा — भावानं बहिणीपासून माझं नाव लपवलं, आणि बहिणीनं भावापासून. दोघांनीही माझ्यावरच्या मायेनं. आणि दोघांच्या मध्ये मी अगदी स्वच्छ उभी राहिले.

दादानं संक्रांतीनंतर तिचं दुसरं लग्न लावून दिलं. इंदापूरकडं, बायको वारलेला माणूस, पदरी दोन मुलं. माणूस चांगला आहे, हे मला मान्य केलंच पाहिजे, कारण पुष्कळ दिवस मी त्याचाच आधार घेतला. तिचं चांगलंच झालं की शेवटी, असं स्वतःला म्हणत राहिले. पण चांगलं होणं न होणं माझ्या हातातलं नव्हतं, आणि मी त्यासाठी ते केलंही नव्हतं.

हळदीच्या दिवशी मी तिच्याजवळ बसले होते. पिवळ्या हातांनी तिनं माझा हात धरला. म्हणाली, "नंदे, माज्यामुळं तुजं बी ऱ्हायलं. तुज्या मनात लई व्हतं. मला माफ कर." मग म्हणाली, "कुनी सांगितलं आसंल गं दादाला? ठकूमावशीलाच तेवढं ठाव व्हतं. ताम्हिनीकडची पान्याची जागा इचारली व्हती मी तिला. तिनंच सांगितलं."

माझ्यापुढं दुसरी संधी होती. चार शब्दांची. मी म्हणाले — "असेल."

एक शब्द. त्या एका शब्दावर सगुणानं ठकूमावशीशी बोलणं टाकलं. पाठवणीच्या वेळी मावशी पुढं आली तर तिनं तोंड फिरवलं. सासरी जाताना सगळ्यांच्या पाया पडली, तिच्या नाही. मावशी उंबऱ्याशी उभीच राहिली, हातात खणनारळ घेऊन.

नंतर माझंही लग्न झालं, त्याच सांगलीच्या मुलाशी. सूसमध्येच घर घेतलं. बऱ्याच वर्षांनी एकदा मी त्याला सहज म्हणाले, लग्नाआधी मी एका मैत्रिणीबरोबर महिनाभर डोंगरातून चालत जाणार होते. तो म्हणाला, "मग गेली का नाहीस? भारीच झालं असतं." आणि पेपर वाचायला लागला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

ठकूमावशी थकली तेव्हा मी तिला भेटायला वर गेले. शेरडं विकून टाकली होती, दादाची बायको तिचं करायची. मला जवळ बसवून तिनं विचारलं, "सगुनी का बोलत न्हाई गं माज्याशी? म्या काय केलं?" मी म्हणाले, संसारात गुंतली असेल, मावशी. तिनं मान हलवली. म्हणाली, "व्हय. लई काम आसंल." त्यानंतर काही महिन्यांनी ती गेली. सगुणा आली नाही. फोनवर मला म्हणाली, मला येववत न्हाई, नंदे, तिनं आपलं दोघींचं वाटोळं केलं. मी गॅलरीत उभी राहून ते ऐकून घेतलं.

आणि दादा — तो दर वर्षी भात झोडून झाला की नव्या तांदळाचं पोतं घेऊन सूसला येतो. लिफ्टमध्ये बसत नाही, पोतं खांद्यावर घेऊन जिने चढतो. पैसे काढले तर रागावतो. माझ्या मुलीला सांगतो, तुजी आई मला बहिनीसारखी हाय. तो तांदूळ शिजायला लागला की शेजारपाजारचे वासानं विचारतात, कुठून आणला? मी सांगते, माहेरचा आहे. घरात सगळे मिटक्या मारत खातात. मीही खाते.

या वर्षी दादाच्या मुलीचं लग्न होतं म्हणून सगुणा रिह्याला आली. थोडी स्थूल झाली आहे, कानशिलाजवळ केस पांढरे. तिच्याकडं सगळा उसाचा मुलूख, म्हणाली, "तितं सगळं सपाट. घराच्या माळवदाव चढलं तरी ऊसच दिसतो. नजर कुटं अडकतच न्हाई." लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, ती मला म्हणाली, चल, वर जाऊन येऊ.

आम्ही निघालो. ठकूमावशीच्या घराची भिंत पडली आहे. तिथून जाताना सगुणानं तिकडं पाहिलं नाही आणि मीही नाही. अर्ध्या चढावर मला धाप लागली. मी एका दगडावर बसले, म्हटलं, तू हो पुढं. तिनं चपला काढून माझ्याजवळ ठेवल्या आणि साडीचा ओचा खोवला. सुरुवातीला तीही दमली, कंबरेवर हात ठेवून थांबली. मग तिला जुनी चाल सापडली. मला खालून दिसलं ते — पाठ सरळ झाली, एक हात मोकळा सुटला.

ती कातळावर जाऊन उभी राहिली. दक्षिणेकडं तोंड करून. वाऱ्यानं पदर उडत होता, तिनं तो सावरला नाही. मला वाटलं, आत्ता वळेल, आत्ता हाक मारील, नंदे, ये बघ म्हणेल. ती वळली नाही. हलली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिला मी खाली बसले आहे याची आठवण नव्हती. आणि तिच्या पाठीकडं बघून मला कळत होतं की तिथं, त्या घटकेला, तिला कशाचीच उणीव नाही.

सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. वर चढून जायचं, तिच्या शेजारी उभं राहायचं, आणि म्हणायचं — दादाला मी सांगितलं, ठकूमावशीनं नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं. माझी धापही थांबली होती.

मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "सगुणे, चल गं खाली! उशीर झाला!"

उशीर झाला नव्हता. ऊन अजून चांगलं वर होतं, खाली मांडवात भांडी घासायला नुकती सुरुवात झाली होती.

ती दचकली, वळली. "आले, आले," म्हणाली. आणि उतरायला लागली.